रक्तातच असतं का?

मैत्रिणीच्या भावाला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं सुटणारा मानसिक आजार) झाल्याचं आज कळलं. तिचा पहिला प्रश्न, ‘माझ्या मुलांनाही होणार का गं?’ कुणीतरी ‘घराण्यातच आहे’ असं ऐकवलं होतं म्हणे. या वाक्याची मला भयंकर चीड आहे.

अहो, जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांतसुद्धा एकाला स्किझोफ्रेनिया (सायकोसिसची लक्षणं असणारा एक दीर्घ आजार) झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही! फिनलंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ पेक्का तिएनारींनी हा आजार असलेल्या आयांची दत्तक गेलेली मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली. धड, मायेच्या घरात वाढलेल्यांत आजार बराच कमी दिसला. सततच्या कटकटीत वाढलेल्यांत जास्त. म्हणजे जोखीम जनुकांतून येते खरी, पण एकटी नाही.

तिला म्हटलं, मुलं मोठी होताना गांजापासून लांब ठेव. झोप उडाली, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तर थांबू नकोस, लगेच डॉक्टर गाठ.