घोडी, गूळ अन् जंताचं औषध

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली आमची घोडी तशी लई शहाणी, पण आज जंताचं औषध काढलं अन् नाटकं सुरू. गुळात घालून दिलं तर बाईसाहेबांनी गूळ चाटून घेतला अन् औषध बरोबर बाहेर, दादर ज्वारीच्या भाकरीत लपवलं तर नुसता वास घेऊन मान फिरवली. शेवटी बाबांनी पेस्टची सिरिंज घेतली, घोड्याच्या पुढच्या दातांच्या अन् दाढांच्या मधे मोकळी जागा असते ना, तिथून आत सरकवून जिभेवर मागे सोडली आणि गिळेपर्यंत तोंड वर धरलं. आधी तोंडात चारा नाही ना ते बघायचं, नाहीतर घासासोबत सगळं थुंकून खाली. माझ्या नव्या शर्टावर लाळच लाळ आणि आजी ओट्यावरून हसतेय, "तुले बी कोठे गोड लागे रे दवाई!"