फेरी दर फेरी

"अगं, क्वेरी स्वतःचं नाव घेते ना, तेव्हा तिला सगळा निकाल दिसत नाही. फक्त मागच्या फेरीत आलेल्या ओळी दिसतात."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी जाता जाता एवढंच बोलला आणि विथ रिकर्सिव्ह, म्हणजे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली स्वतःलाच पुन्हा पुन्हा वापरणारी क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न), मला उलगडलं!

लगेच कर्मचारी आणि त्यांचे मॅनेजर यांचा तक्ता घेऊन कागदावर चालवून पाहिलं. पहिल्या फेरीत एकच ओळ, जिचा मॅनेजर आयडी नल (रिकामा) आहे ती, म्हणजे सगळ्यात वरचा साहेब. मग तिच्या हाताखालचे. मग त्यांच्या हाताखालचे. नवी ओळ मिळेनाशी झाली की थांबायचं.

आणि डेटात 'अ'चा साहेब 'ब' आणि 'ब'चा साहेब 'अ' असेल तर? 'अ'पासून निघालं तर प्रत्येक फेरीच्या ओळी जशाच्या तशा जोडणारं युनियन ऑल फिरतच राहतं. नुसतं युनियन आधी आलेली ओळ गाळतं, म्हणून सुटतं. पण पातळी मोजणारा रकाना जोडला की प्रत्येक ओळ नवीच, म्हणजे तेही फिरतच राहतं!

१९९९ पासून एसक्यूएलच्या अधिकृत मानकात असलेली ही गोष्ट शिकवताना आधी फेऱ्या हाताने का लिहून घेत नाहीत?