वास जातो, मॅडम

"दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवा, मॅडम, वास जातो." कार्पेटवाल्या मिस्त्रीने हे इतक्या खात्रीने सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, आपण उगाच कटकट करतोय. मग वर बघितलं. त्या इमारतीला उघडणारी खिडकीच नाही, सगळी काच.

माझं काम कागद जमवण्याचं. ऑफिसला लीडचं, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीचं, प्रमाणपत्र हवं असलं की कुठला माल कुठल्या चाचणीतून पास होऊन आलाय, याच्या फायली मी लावते. बाणेरचं हे ऑफिस बारा हजार चौरस फुटांचं. बसायच्या जागेत कार्पेट टाइल, मीटिंग रूममध्ये व्हिनाइल, पँट्री आणि लॉबीत कोटा.

व्हिनाइलच्या डीलरने व्हॉट्सॲपवर फ्लोअरस्कोअरचं, म्हणजे फरशीतून हवेत घातक रसायनं मर्यादेबाहेर सुटत नाहीत याचं, सर्टिफिकेट टाकलं. नाव दुसऱ्याच मालिकेचं, मुदतही संपलेली. "माल तोच आहे हो!" असेलही. पण हे सर्टिफिकेट ज्या कॅलिफोर्नियाच्या चाचणीवर मिळतं, तिच्यात नमुना दहा दिवस स्वच्छ हवेत आणि पुढचे चार दिवस बंद चेंबरमध्ये ठेवतात, त्यातून काय काय सुटतं ते मोजतात, आणि खोलीच्या हवेत ते किती उतरेल याचा हिशेब करतात. फॉर्माल्डिहाइड घनमीटरला 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की नापास. थोरल्याच्या मार्कशीटवर धाकट्याला कॉलेजात घेत नाहीत, एवढंच मी त्याला म्हटलं. खरं सर्टिफिकेट तीन दिवसांनी आलं.

कोट्याचं मात्र सुख. दगड, सिरॅमिक, काच, काँक्रीट यांतून काही सुटत नाही असं लीड धरूनच चालतं, त्यामुळे चाचणी मागतच नाही. अट एवढीच की वर लेप नको. आणि कॉन्ट्रॅक्टरला नेमका तोच मारायचा होता, "ओला-ओला लुक" यावा म्हणून! मी मशीन पॉलिशवर अडून बसले.

खरी गडबड डब्यात होती. कार्पेटला सर्टिफिकेट, व्हिनाइलला सर्टिफिकेट, आणि खाली लावायला आणलेला गम? झाकण उघडलं तसं माझ्या डोळ्यांना झोंबलं. तोंडाला रुमाल बांधून, गुडघ्यांवर बसून, एक पोरगा पत्र्याच्या पट्टीने तो पसरत होता. टेक्निकल डेटा शीट मागवली: लिटरला सहाशे ग्रॅमच्या वर व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायनं. कार्पेटच्या गमाला मर्यादा 50 ची. फरशीची फाइल कितीही जाड करा, खोलीच्या हवेत शेवटी हा डबाच उतरणार होता. काम थांबवलं, लावलेला भाग खरवडून काढायला लावला. पाण्यातला गम धरायला वेळ घेतो, म्हणून मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता राहिलंय फ्लश-आउट, म्हणजे माणसं बसवायच्या आधी बाहेरच्या हवेने आतली हवा धुऊन काढणं. चौरस फुटाला 14,000 घनफूट बाहेरची हवा, म्हणजे एकूण 16 कोटी 80 लाख घनफूट आत खेळवायची, आणि ते करताना आतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. जून महिन्यात. पुण्यात. क्लायंट विचारतोय, माणसं कधी बसवू. साइटवरून रोज सकाळी मीटरचा फोटो येतो. आज 71.