पोर्टलँड प्लेसवरचा जनरल

लंडनमध्ये आज पोर्टलँड प्लेसवर पोलंडच्या जनरल सिकोर्स्कींचा पुतळा दिसला. आम्ही वळिवड्याकडचे, पाय थबकलेच!

पोलंड देश हिटलर-स्टालिननं वाटून घेतलेला, आणि हा त्याचा पंतप्रधान परक्या शहरात बसून सरकार चालवतोय. जुलै १९४१ मध्ये त्यानं त्याच स्टालिनशी करार केला. स्वतःचे मंत्री रुसले, राजीनामे दिले. पण सोव्हिएत छावण्यांतले हजारो पोलिश सुटले. त्यांतलीच बायकामुलं पुढं इराणमार्गे आमच्या कोल्हापूरजवळ, वळिवड्यात येऊन राहिली. (गावाकडं सिकोर्स्कींचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही.)

४ जुलै १९४३. जिब्राल्टरहून उडताच त्याचं विमान समुद्रात कोसळलं, तो गेला. बरोबर मुलगी झोफिया होती. तिचा मृतदेह सापडलाच नाही.

बराच वेळ तिथंच उभा होतो. बस चुकली.