तुम्ही विचारलंत म्हणून: मी माझे एसे का पाठवत नाही

"ताई, तुझे एसे पाठव ना, फक्त रेफरन्सला." परदेशातल्या एमबीएच्या अर्जासोबत स्वतःबद्दल जे छोटे निबंध द्यावे लागतात, ते हे एसे. आर वन आणि आर टूच्या, म्हणजे अर्जांच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या, डेडलाइन जवळ आल्या, म्हणजे ऑगस्टअखेर आणि परत डिसेंबरात, की हा मेसेज येतोच. मावसभावाच्या ऑफिसातलं कुणीतरी, कॉलेजच्या ज्युनिअरची मैत्रीण, एकदा तर आईच्या भिशीतल्या काकूंचा जावई. नाही म्हटलं की दोनातलं एक ऐकायला मिळतं, एकतर "परदेशात जाऊन शिष्ट झालीये" नाहीतर "म्हणजे कुणाकडून तरी लिहून घेतले असणार". तर एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करेन. जीमॅटची परीक्षा, लोन, मराठी मीडियम हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते सोडून देते.

आधी सोपं उत्तर, जे मी फोनवर देते. रेफरन्सला घेतलेला एसे रेफरन्सला राहत नाही. २०१२ साली यूसीएलएच्या अँडरसन स्कूलने कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर लावलं आणि ५२ अर्ज बाद केले, आणि त्या काळात तर चॅटजीपीटी पण नव्हतं. हे ऐकलं की समोरचा गप्प होतो. पण खरं कारण हे नाही.

मुळात बरेच जण मागतात ते "एसओपी", म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. अहो, एसओपी एमएसवाल्यांचा. तिथे कुठला प्रोजेक्ट केला, कुठल्या विषयात रस आहे, संपलं. एमबीएवाले वेगळंच विचारतात. स्टॅनफर्ड कितीतरी वर्षं हेच विचारतंय, तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का, आणि त्याला साधारण ६५० शब्द. फ्रान्सचं इन्सियाड तर सरळ म्हणायचं तुमचे गुणदोष सांगा, कुठे आपटलात तेही सांगा. हार्वर्डचा बरीच वर्षं एकच मोकळा प्रश्न होता, २०२४ मध्ये त्यांनी तो काढून तीन छोटे आणले, एक ३०० शब्दांचा आणि दोन २५०-२५० चे. आपण शाळेत "माझा आवडता ऋतू" लिहून आलेली माणसं, स्वतःबद्दल २५० शब्द म्हटलं की आपल्याला एकतर आत्मस्तुती वाटते नाहीतर कन्फेशन. मला दोन्ही वाटलं.

म्हणून मी अॅडमिशनचा कन्सल्टंट केला. हो, केला. लिहून नाही घेतलं, पण फी भरली आणि पुण्याला त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्यांना सगळे सर म्हणायचे, वय माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी जास्त. पहिलाच प्रश्न, "कोल्हापूर म्हणजे २०१९ चा पूर! पुरात तू काय केलंस?" आता काय सांगणार, आमच्या गल्लीत पाणी आलंच नव्हतं. शिरोलीपाशी हायवे बंद, दूध नाही, आम्ही घरात कोरा चहा पीत टीव्ही बघत बसलो होतो. सरांचा चेहरा पडला. मग म्हणे वडील शेतकरी आहेत का, दुष्काळ वगैरे काही? वडील सहकारी बँकेत क्लार्क. सर म्हणाले, "ओके, लेट्स डिग डीपर."

डीपर म्हणजे फाउंड्री, वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतून पार्ट बनवतात तो कारखाना. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला होते. जुलैत आमची रिजेक्शन दरवर्षी चढायची, ट्रॅक्टरच्या एका कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव पार्टमध्ये, ब्लो होल (आत अडकलेल्या वायूची भोकं) निघायचे आणि तेही ग्राहकाकडे मशिनिंग झाल्यावर, म्हणजे वरून डेबिट नोट, नुकसानीचे पैसे आमच्याकडून वळते. लॅबचा रिपोर्ट रोज म्हणायचा वाळूत मॉइश्चर साडेतीन टक्के, एकदम बरोबर. मी ग्राफ काढत बसलेली, आणि मोल्डिंगवरच्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या, मिस्त्रींनी मला हाक मारली. मूठभर वाळू घेतली, घट्ट दाबली, मूठ उघडली. बोटांचे वळ उमटलेला गोळा. तो दोन्ही हातांनी मधोमध मोडला. चांगली वाळू कट्कन स्वच्छ तुटते, ही तुटताना ओढली गेली आणि थोडी तळव्याला चिकटून राहिली. "मॅडम, वाळू वली हाय. तुमचा कागुद सकाळचा हाय."

कागद खरंच सकाळचा होता. नमुना शिफ्ट सुरू होताना एकदाच घ्यायचे. नवीन वाळू जिथे पडायची तिथला पत्रा गळत होता, दुपारपर्यंत ती भिजूनच मिक्सरला यायची, आणि मिक्सरमध्ये पाणी टायमरवर ठरलेलं, वाळू कोरडी असो की ओली, तेवढंच पडणार. पुढचं काम माझं. दर तासाला नमुना घ्यायला लावणं, टायमरची सेटिंग बदलून घेणं, पत्र्यासाठी पर्चेसशी भांडण. त्या पावसाळ्यात रिजेक्शन नऊ टक्क्यांवरून चारवर आली. हे माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये असंच होतं, अर्धा एसे मिस्त्री आणि अर्धा मी.

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हा एसे कुणाचा आहे? या मिस्त्रींना अॅडमिशन द्यायचीये का आपल्याला?"

मला हसू आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू. आणि त्यांचा मुद्दा चुकीचा पण नव्हता. वाचणारा तिकडे हजारो अर्ज वाचतोय, त्यातले भारतीय इंजिनिअर किती, त्याला कळायला पाहिजे की तू काय केलंस. दोन दिवसांनी ड्राफ्ट आला, इंग्लिश इतकं सुंदर की मलाच माझा अभिमान वाटला. लॅबचा डेटा आणि प्रत्यक्ष परिस्थिती यातली तफावत माझ्या लक्षात आली, मग मी शॉप-फ्लोअर इनपुट्स घेतले, मग क्रॉस-फंक्शनल टीम बांधली. एक वाक्य खोटं नाही. शोधून बघा, सापडणार नाही. मिस्त्री तेवढे "शॉप-फ्लोअर इनपुट्स" झाले होते.

मी एका बिझनेस स्कूलला माझा ड्राफ्ट पाठवला आणि दुसरीला सरांचा. का, ते नीट सांगता येत नाही. थोडी जिद्द, थोडी भीती. माझ्या ड्राफ्टला सरळ डिंग, म्हणजे नकार, मुलाखत पण नाही. सरांच्या ड्राफ्टला कॉल आला.

काही शाळांत मुलाखत घेणारा फक्त रेझ्युमे बघून येतो, एसे त्याच्यासमोर नसतात. इथे तसं नव्हतं, सगळा अर्ज वाचून बसलेले. झूमवर दोघं जण, एक अॅडमिशनच्या बाई आणि एक अॅलम, म्हणजे तिथलेच माजी विद्यार्थी, जे स्वतः ऑटो कंपोनंटमध्ये बरीच वर्षं होते. वीस मिनिटं छान गेली, गोल्स, व्हाय नाउ, सगळं पाठ. मग ते गृहस्थ एसेवर आले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, लॅबचा रिपोर्ट बरोबर होता ना, मग तुला शंका आली कशावरून?

मी "डेटा पॅटर्न" असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत तेच विचारलं, पहिल्या दिवशी, कशावरून? फाउंड्री बघितलेला माणूस, त्याला काय फेकणार. मी मूठ केली. कॅमेऱ्यासमोर मूठ करून उघडली आणि सांगितलं की आमचे एक मिस्त्री आहेत, त्यांनी असं करून दाखवलं. ते हसले, अहो चक्क खूश झाले. म्हणाले, म्हणजे एसेमधले शॉप-फ्लोअर इनपुट्स ते हेच का? मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, नाव काय त्यांचं?

आणि मला येईना. आडनाव माहीत होतं, ओव्हरटाइमच्या रजिस्टरमध्ये टोकन नंबरपुढे असायचं. नाव नाही. तीन वर्षं रोज समोर, "मिस्त्री, जरा इकडे या". सरांनी काढलं म्हणून आत कुठेतरी चिडलेली मी, आणि माझ्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये तरी ते होते का नावाने? तिथेही मिस्त्रीच. मी म्हटलं, वी जस्ट कॉल हिम मिस्त्री. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, पुढे मी काय बोलले मला आठवत नाही.

अॅडमिशन मिळाली, थोडी स्कॉलरशिपसुद्धा.

आता सांगा, कशामुळे मिळाली? दादा म्हणतो पॉलिशमुळे, एसे तसा नसता तर मुलाखतच नसती. ते खरंय. मैत्रीण म्हणते मुठीमुळे. तेही असेल. तेव्हाच्या मला विचाराल तर ती म्हणेल, चाळीस लाखांचं लोन डोक्यावर घेणारीने तत्त्वं शिकवू नयेत, सगळं जग "आय" लिहितंय तर तूच कशाला "वी" लिहितेस. तिला मी अजून उत्तर देऊ शकलेले नाही. आणि ज्यांना वाटतं "मुलगी म्हणून झालं", त्यांनी एक जुलै फेटलिंग शॉपच्या, कास्टिंग घासून साफ करतात तिथल्या, धुळीत काढून यावं, मग बोलू.

निघायच्या आधी पेढे घेऊन फाउंड्रीत गेले होते, मिस्त्रींना सांगितलं तुमच्यावर लिहिलं होतं म्हणून. "आमच्यावर काय लिवायचं असतंय," म्हणाले, आणि मग, "जाताना त्या पत्र्याचं तेवढं सायबांच्या कानावर घाला." पत्रा अर्धाच बदलला होता. एसेमध्ये तो पूर्ण बदललेला आहे. म्हणजे "इनिशिएटेड" लिहिलंय, त्यामुळे तेही खोटं नाही.

नाव विचारलं मी तेव्हा. इथे लिहीत नाही.

तर कुठला एसे पाठवू तुम्हाला? ज्याने काम झालं तो पाठवला तर तुम्ही तसाच लिहिणार, आणि डिंग झालेला पाठवला तर म्हणणार चांगला लपवून ठेवला. त्यापेक्षा तुमचा ड्राफ्ट पाठवा, कच्चा, ग्रामर न बघता, माझ्याच्याने होईल तेवढं बघून देते, पैसे घेत नाही. फक्त त्यात कुठे "इनपुट्स" किंवा "स्टेकहोल्डर्स" दिसले की मी फोन करून विचारणार, हे कोण. ठेवायचं का काढायचं ते तुमचं तुम्ही बघा. रेकोबद्दल, म्हणजे बॉसच्या शिफारसपत्राबद्दल, विचारू नका, "तूच लिहून आण, मी सबमिट करतो" म्हणणारे बॉस मला पण भेटलेत आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री पाठवू नका, बाकी डेडलाइनची वेळ कॉलेजकडच्या घड्याळाची असते, आपल्या नाही, तेवढं आधीच बघून घ्या.