आमची वाटचाल : भट्टी आणि ती चालवणारी माणसं

खान्देशातल्या नगरपालिकांच्या निविदा मी इतकी वर्षं भरतोय, पण विद्युतदाहिनी (देह दहन करणारी विजेची भट्टी) चालवणारा माणूस त्यांत अजून अकुशल मजुराच्या रकान्यात बसवला जातो. बाग झाडणाऱ्याला जो दर, तोच याला. दाहिन्यांची भट्टी बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या आमच्या फर्मची सगळी लढाई या रकान्याशी आहे.

मी भुसावळचा. दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या विटांचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. तिथल्याच एका मिस्त्रींना भागीदार करून 2008 साली फर्म काढली. सगळे त्यांना बाबा म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत, पण हाय-अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणारी वीट हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाजावरून आतली चीर ओळखायचे. विटा आधी कोरड्या रचायच्या आणि सांध्यात जुनं हॅक्सॉ ब्लेड घालून बघायचं. ब्लेड सहज आत गेलं की अख्खी ओळ उतरवायची, ही त्यांची शिस्त. ते ब्लेड आजही आमच्या पेटीत आहे आणि नवीन पोराला पहिल्यांदा तेच हातात देतो. भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर भरून झालं की गिऱ्हाईक लगेच भट्टी मागतं. बाबा ऐकत नसत. आधी 110 अंशांच्या आसपास धरून विटांतलं पाणी निघू द्यायचं, मग हळूहळू वर न्यायचं. नगराध्यक्ष समोर उभे असले तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, “भट्टीले घाई चालस नही.”

पुढची वर्षं बरी गेली. धुळे, शिरपूर, नंदुरबारकडे कामं मिळाली.

2021 चा एप्रिल, कोविडची दुसरी लाट, मात्र विसरता येत नाही. बाहेर 43-44 अंश, अंगात पीपीई किट, समोर 800 अंशांची भट्टी. मार्च 2020 च्या केंद्राच्या सूचनांनुसार देह प्लॅस्टिकच्या बॅगेत यायचे. ती बॅग पीव्हीसीची असली की हायड्रोजन क्लोराइडचा आम्लवायू सुटतो, तो कॉइल (भट्टी तापवणारी तार) खातो, आणि जळणारं प्लॅस्टिक धूरही काळा करतं. एरवी दोन दहनांच्या मध्ये भट्टी बघायला वेळ मिळतो, तेव्हा तोही नव्हता. आमची पोरं पाळीनं तिथंच राहिली. एकाही कुटुंबाच्या अस्थी दुसऱ्यांच्या अस्थींत मिसळल्या नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. आम्ही स्टीलचा नंबर ठोकलेला बिल्ला वापरतो. देह आत गेला की बिल्ला दारावर, अस्थी निघाल्या की बिल्ला ट्रेवर, आणि ट्रेवरून थेट कलशाबरोबर नातेवाइकांच्या हातात. बिल्ला हातातून सुटू द्यायचा नाही.

त्या कामाचं बिल एका पालिकेनं अडकवलं. त्यातच 2022 च्या निविदेत बाहेरच्या एका ठेकेदारानं आमच्यापेक्षा बराच कमी दर टाकला आणि दाहिनी त्याच्याकडे गेली. दर कमी कसा, तर त्यानं भट्टी कधी न पाहिलेली दोन पोरं तिथं बसवली. वीज वाचवायला रात्री भट्टी पूर्ण बंद, सकाळी एकदम फुल लोड. असे झटके विटा सोसत नाहीत, तडकतात. कॅन्थल या मिश्रधातूची कॉइल एकदा तापून गार झाली की ठिसूळ होते. गार असताना तिला रेक (अस्थी ओढायचा दांडा) लागला की संपलंच. एका दुपारी तीच गेली. आत देह, बाहेर नातेवाईक. पालिकेनं आम्हाला फोन केला. करार आमचा नव्हता तरी आम्ही गेलो, वायर जोडून दहन पूर्ण केलं. आठवड्यानं पत्र आलं, की मूळ अस्तरच सदोष होतं, सबब तुमची अनामत रक्कम रोखण्यात येत आहे. आमच्या काळातल्या तापमानाच्या नोंदी तासातासाच्या आहेत. त्या घेऊन मी त्या कार्यालयात किती वेळा बसलो ते मलाच माहीत. कुणी पान उलटून पाहिलं नाही.

तेव्हा फर्म बंद पडायला आली होती. पगार थकले, बँकेची मर्यादा संपली, बाबांची तब्येतही खालावली. वाचवलं एका तालुक्याच्या गावच्या स्मशानभूमी ट्रस्टच्या सेक्रेटरींनी. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना गार्डसाहेब म्हणतो. नोंदवही रोज तपासणारा हा माझा एकमेव ग्राहक. भट्टीचं तापमान मोजणारा थर्मोकपल 30 अंश कमी दाखवतोय, हे त्यांनी नुसत्या नोंदी वाचून पकडलं होतं. त्यांनी देखभालीचं वर्षभराचं बिल आगाऊ दिलं आणि म्हणाले, “पावती तेवढी व्यवस्थित लिहा, पैसा ट्रस्टचा आहे.” त्या पैशांतून आधी पोरांचे पगार केले.

आता जे मुख्याधिकारी किंवा सरपंच हे वाचत असतील त्यांना सांगतो. ऑपरेटरला काय काय यावं लागतं ते बघा. जड देह सकाळी, भट्टी त्यातल्या त्यात कमी तापलेली असताना घ्यायचा. तापलेल्या भट्टीत चरबी एकदम पेटते आणि चिमणीतून काळा धूर निघतो. धूर काळा दिसला की हवा कमी पडतेय हे ब्लोअरकडे धावण्याआधी कळलं पाहिजे. पेसमेकर आहे का, हे नातेवाइकांना हळू आवाजात पण नक्की विचारायचं, कारण त्याची बॅटरी उष्णतेनं फुटते आणि समोरचा माणूस जखमी होतो. सांध्याच्या ऑपरेशनमधले रॉड, प्लेटा अस्थींतून हातानं वेचायच्या. तो धातू सहसा चुंबकाला धरत नाही. नारळ आत जाऊ द्यायचा नाही, आणि आजीच्या हातावर ठेवलेला नारळ काढून घेताना नातवाचं मन दुखवायचं नाही. हे अकुशल काम आहे का?

अमेरिकेत 1913 पासूनची कॅना (क्रिमेशन असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका) ही संघटना दाहिनीच्या ऑपरेटरला प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देते. आम्ही आमच्यापुरती पायरी घातली आहे. नवा मुलगा आधी हेल्पर. ट्रॉली, रेक, बिल्ला, नोंदवही. मग सहायक, पीपहोलमधून (भट्टीत डोकावायच्या भोकातून) ज्योत वाचायला शिकतो. मग ऑपरेटर, पाळी एकट्यानं सांभाळतो. त्यापुढे देखभालीचा माणूस. कॉइल, पॅनेल, विटा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर असेल तर लवकर वर जातो, पण माणसांशी बोलता येत नसेल तर त्याला मी ऑपरेटर करत नाही. हेल्पर म्हणून आलेला एक जण आज धुळ्याकडची सगळी देखभाल बघतो. त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडचे म्हणाले, स्मशानात काम करतो. मी स्वतः जाऊन त्याचं काम समजावून आलो.

तरुणांनो, या धंद्याला नाक मुरडू नका. लाकडावर एका दहनाला 300 ते 400 किलो लाकूड जातं, दाहिन्या वाढणारच आहेत आणि त्या चालवणारा हात मिळत नाही.

यंदाच्या निविदांत मी दरपत्रकासोबत एक जादा पान जोडतोय. ऑपरेटरचा दर कुशल कामगाराचा धरावा, आणि दहनाची व तापमानाची नोंदवही ठेकेदारानं दरमहा सादर करावी, एवढ्या दोन अटी त्यात आहेत. दोन पालिकांनी ते पान स्वीकारलं. ज्यांनी आमची अनामत रोखली, त्यांनी ते परत पाठवलं. मी ते पुन्हा जोडणार आहे.