ओल्या वाळूत पिनपॉइंटर

जुहूला ओहोटीच्या वेळी मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांनो, पिनपॉइंटर घ्याच. डिटेक्टरची मोठी कॉइल (खालची गोल चकती) नुसतं इथे कुठेतरी आहे एवढंच सांगते, मग वाळू उपसत बसा, त्यापेक्षा ही गाजराएवढी कांडी खड्ड्यात फिरवली की टोक जवळ जाईल तशी बीप वाढते आणि नाणं खड्ड्याच्या कुठल्या बाजूला अडकलंय ते लगेच कळतं. पण खाऱ्या ओल्या वाळूत साधा पिनपॉइंटर उगाच बोंबलतो, तेव्हा टोक वाळूला टेकवून रीट्यून करायचा (म्हणजे त्या वाळूकडे दुर्लक्ष करायला लावायचं) नाहीतर सरळ पल्स इंडक्शनवाला, म्हणजे छोट्या छोट्या चुंबकीय झटक्यांनी धातू शोधणारा, घ्यायचा. सोनं की बाटलीचं बूच, हे बहुतेक मॉडेल सांगत नाहीत हां, आणि जुहूला बुचंच जास्त! जुनापुराणा ठेवा लागला तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, १० रुपयांच्या वरचं असेल तर कलेक्टरला कळवावंच लागतं.